अमझेऱ्याचा फेयालाइट

अकरा वर्षं, रोज सकाळी सव्वासातला, मला फोनवर एकच प्रश्न विचारला गेला. "दगडाचं काय झालं?"

विचारणारे माझे वडील. ते धारला, मी देवासला आणि मध्ये आख्खं इंदूर आडवं पडलेलं, म्हणून निदान रोज दारात येऊन विचारू शकत नव्हते, एवढीच काय ती देवाची कृपा. तब्येत कशी आहे, चहा झाला का, असले प्रश्न म्हणजे बाबांच्या मते वेळेचा अपव्यय. मी चहा गाळत असायचे, फोन खांद्यात धरलेला, आणि कानात दगड. "बघते बाबा," म्हणायचे. "बघते बघते करत तू रिटायर होशील," असं म्हणून ते फोन ठेवून द्यायचे. माझा गुन्हा एवढाच, की मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. बँकेत असते तर सकाळ सुखाची गेली असती.

तो दगड बाबांना अमझेऱ्याला सापडला होता. तिथे आमची जुनी जागा होती, आणि ती विकायला बाबा गेले तेव्हा ते तिशीतले होते, मी जन्मायची होते. जागेच्या मागच्या नाल्यात तो पडलेला. भाकरीएवढा गोल, मध्ये चांगला चार बोटं जाड, खालून फुगीर, वरून खोलगट, रंगाने काळा आणि कडेला तांबूस. दिसतो त्यापेक्षा हाताला जड. बाबा विज्ञानाचे मास्तर, त्यामुळे असा दगड सोडून येणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी तो पिशवीत घालून बसने धारला आणला आणि पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. गच्चीवर पापड वाळत घालताना खालचं कापड उडू नये म्हणून आई दर उन्हाळ्यात तो मागायची आणि बाबा दर उन्हाळ्यात नाही म्हणायचे. बाकी त्याचा कोणाला त्रास नव्हता.

मग आई गेली. घर रिकामं झालं आणि बाबांच्या हाताशी न संपणारा वेळ आला. त्यांनी माझं कॉलेजातलं खनिजांचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं, दोन महिन्यांत पेन्सिलीने खुणा करत वाचलं आणि एका सकाळी सव्वासातला मला निकाल कळवला. "तो दगड फेयालाइट आहे."

फेयालाइट म्हणजे लोखंड आणि सिलिका यांचं खनिज. ज्यात भरपूर लोखंड आहे असे खडक जमिनीखाली दाबले-भाजले जाऊन पार बदलून जातात, त्यांना आम्ही रूपांतरित खडक म्हणतो. त्यांच्यात हे खनिज कधीमधी सापडतं, आणखीही एकदोन ठिकाणी सापडतं, पण एकूण दुर्मिळच. आमच्या माळव्यात पायाखाली आहे तो बहुतेक सगळा लाव्हाचा काळा दगड. अमझेऱ्याच्या नाल्यात भाकरीएवढा फेयालाइट मिळणं म्हणजे शिप्रेत देवमासा मिळण्यासारखं आहे, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, जड असतो. हा जड आहे. काळपट असतो. हा काळपट आहे. आणखी काय हवंय तुला?"

आणखी बरंच हवं होतं, आणि तिथेच मी फसले, कारण काय काय हवं ते मी सांगून बसले. त्यांनी मोडक्या रेडिओतला लोहचुंबक काढून दगडाला लावला. चाकूने ओरखडा काढायचा प्रयत्न केला, दगडाला काही झालं नाही, चाकू गेला. घनता काढायला दुधाच्या पातेल्यात दगड बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. स्वयंपाकाच्या बाई त्यानंतर ते पातेलं वापरेनात, मी नवीन नेऊन दिलं. सगळे आकडे वहीत, तारखेनिशी. शेवटी मी म्हटलं, बाबा, खरं कळायचं तर एकच मार्ग आहे. एक छोटा तुकडा पाडायचा, काचेवर चिकटवायचा, उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

"तुकडा पाडायचा नाही," बाबा म्हणाले.

झालं. अकरा वर्षं एवढ्यावर अडलं. स्थळ आणा, बोलणी करा, पण मुलगी दाखवणार नाही. दगडाचं काय झालं, विचारणार रोज, आणि दगड ठेवणार धारच्या कपाटावर. मी दिवाळीला गेले की तो खाली काढायचा, मी भिंगातून बघायचं, आणि मी काही बोलायच्या आत बाबा म्हणायचे, "घाई करू नकोस. नीट बघ."

मी नीट बघितला होता, पहिल्याच दिवाळीत. मला त्यात बारीक बुडबुड्यांच्या खळ्या दिसल्या होत्या. एका कडेला, पातळ गूळ ओघळून थिजावा तशी सुरकुती होती. रूपांतरित खडकात असलं काही नसतं. मला वाटलं होतं की ही कुठल्या तरी भट्टीतली मळी आहे, लोखंडाचं काम होतं तिथे साचते ती. पण सिद्ध करायला तुकडा हवा, आणि खरं सांगायचं तर तुकड्याचं निमित्त मलाही बरं पडत होतं. या माणसाने पस्तीस वर्षं एकाच शाळेत तेच धडे शिकवले. मुलं मोठी झाली, कुठे कुठे गेली. बाबांच्या नावाची म्हणून जगात एकही वस्तू नव्हती, हा दगड सोडून. तो मी कोणत्या तोंडाने काढून घेणार? म्हणून मी "बघते" म्हणत राहिले आणि रोज सकाळी स्वतःवर चिडत राहिले.

या वर्षी मात्र बाबांच्या शाळेत काचेचं नवीन कपाट आलं. जुन्या शिक्षकांनी काही ठेवायचं असेल तर द्या, असा निरोप घेऊन शिपाई घरी गेला. बाबांनी तो बाहेर पडायच्या आत कार्ड लिहून काढलं. फळ्यावरचं त्यांचं अक्षर अजून तसंच आहे, ठसठशीत. "फेयालाइट. दुर्मिळ खनिज. रूपांतरित खडक. स्थान: अमझेरा." त्याखाली "शोधक" आणि त्यांचं नाव. सगळ्यांत खाली "प्रमाणित", आणि पुढे मोकळी जागा. ती जागा माझ्यासाठी होती. दसऱ्याची सुट्टी संपली की दगड कपाटात जाणार होता.

"सही कर, बाकी मी बघतो," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, न तपासता मी सही करणार नाही. वर्गात मुलांना जे शिकवते त्याच्याविरुद्ध मी माझ्या नावाने लिहून देणार नाही. बाबा चार दिवस रुसले. चार दिवस फोन नाही, आणि मी सव्वासातला चहा गाळताना घड्याळाकडे बघत होते, याचाही मला संताप आला. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "घेऊन जा. पण तुकडा नाही." मी धारला गेले. त्यांनी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर दगड तोलून घेतला, वजन चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी स्वतःच्या खिशात ठेवली. "मुलांना घेऊन कन्नौदकडे चालली आहेस ना? तिकडे रूपांतरित खडक आहेत. त्यांच्या शेजारी ठेवून बघ."

म्हणजे मी, वय वर्षं एकावन्न, गुडघे बोलणारे, कन्नौदच्या पुढे नर्मदेकडे उतरणाऱ्या टेकड्यांवर पाठीला जवळजवळ दोन किलोंचा दगड बांधून चढले. मुलं हातोडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे पळत होती. एक मुलगी म्हणाली, "मैडम, इतना भारी टिफिन? क्या लाई हो?" मी म्हटलं, भरली वांगी. खडक उघडे पडले होते तिथे मी सगळ्यांना नोंदी करायला बसवलं, आडोशाला गेले आणि बाबांची आज्ञा पाळून दगड त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. मी उगाच पाच मिनिटं बसून राहिले, कारण सकाळी फोनवर विचारलं तर खोटं बोलता येत नाही मला.

परतताना बस चहाला कन्नौदला थांबली, आणि माझ्या मनात आलं, आत्याला भेटून येऊ. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सत्त्याऐंशी वर्षांची, कन्नौदला दिलेली. तिच्या सासरचं मंडीजवळ दुकान आहे, फाळ, विळे, कुऱ्हाडी, आता ट्रॉलीचं वेल्डिंगही. बाबांकडून तिकडे जाणं जवळजवळ नव्हतंच. रस्ता वाईट आहे, म्हणायचे. रस्ता चांगला होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी म्हणायचे.

आत्या दुकानामागच्या अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी वाकून नमस्कार केला, पिशवी खाली ठेवली, ती धाडकन वाजली.

"काय आहे त्यात?"

"बाबांचा दगड आहे, आत्या."

"दाखव."

"जड आहे. पडेल हातातून."

"मला जड सांगते का गं?" तिने हात पुढे केला. दगड घेतला, मांडीवर उलटा केला, फुगीर पोटावरून तळवा फिरवला, पुन्हा सरळ केला. मी अकरा वर्षं भिंग घेऊन जे बघत होते त्याला तिला एक घोट चहाएवढा वेळ लागला नाही.

"अगं, ये तो कीट है. भट्टीचं कीट."

"मलाही तसंच वाटत होतं. पण कुठल्या भट्टीचं?"

"अपल्या. आणखी कोणाच्या? अमझेऱ्याला नाल्यात मिळालं ना? घरामागच्या?" ती बोट ठेवून दाखवू लागली, वर्गात मी दाखवते तसं. "हे पोट म्हणजे भट्टीचा खड्डा. लोखंड तापतं, त्याचा मळ गळतो आणि खाली बसतो. वरती हा खळगा आहे ना, इथं भात्याचं तोंड. इकडनं वारा लागायचा. सांजेला भट्टी निवली की असा रोट निघायचा. मीच घमेल्यात भरून नाल्यात टाकायचे."

मी म्हटलं, आत्या, आपले पूर्वज तर तोफखान्यात होते.

हे सांगायला हवं. आमच्याकडच्या मराठी घरांत लग्नाकार्यात ओळख झाली की तिसरा प्रश्न असतो, तुमचे पूर्वज कोणत्या खात्यात होते? कोणी फडणिशीत, कोणी पागेत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी सरदारांबरोबर इकडे आलो, पण खातं अजून विचारतात. बाबा सांगायचे, "तोफखान्यात." मीही तेच सांगत आले, माझ्या लग्नात, नंतर दुसऱ्यांच्या लग्नांत. दर खंडेनवमीला बाबा लाल फडक्यात बांधलेली घरची हत्यारं पुजतात. त्यात एक हातोडा आहे आणि एक लांब सांडशी. तोफखान्यात सांडशीने काय करत होते, हा विचार मी एकावन्न वर्षांत केला नाही. म्हणे शास्त्र शिकवते.

"होते ना तोफखान्यात," आत्या म्हणाली. "तोफांच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. लोहार होतो अपण. तुला सांगितलं नाही त्याने?"

नाही, मी म्हटलं.

"त्याला तरी काय ठाऊक असणार! दादांनी त्याला भट्टीपाशी फिरकू दिलं नाही. म्हणायचे, हा पोरगा कोळशाला हात लावणार नाही. सहाव्या वर्षी धारला मामाकडे धाडला शाळेत." दादा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. "भाता मग कोण ओढणार? मी ओढला. लग्न होईपर्यंत. हा खांदा बघ, अजून वर होत नाही."

मग ती एकदम हसायला लागली. "आणि तो ते घेऊन गेला? ठेवलंय कुठं त्याने?"

"पुस्तकांच्या कपाटावर."

"पुस्तकांच्या?" तिने पुन्हा विचारलं. हसणं थांबलं होतं. मी हो म्हटलं. ती थोडा वेळ दगडावरून अंगठा फिरवत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं, शाळेचं कपाट, कार्ड, सही, आणि पातळ काप करायला तुकडा लागतो पण बाबा पाडू देत नाहीत, हेही. ते सांगायला नको होतं. तिने दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "भिया, छोटा हथौड़ा दे रे!" नातवाने हातोडा आणून दिला. मी "आत्या, नको, वजन लिहून ठेवलंय" म्हणेपर्यंत तिने दगड खाटेच्या लाकडावर टेकवला आणि कडेला एकच घाव घातला. सुपारीएवढा तुकडा अंगणात उडाला.

"सौ सुनार की, एक लुहार की," आत्या म्हणाली. "घे तुझा तुकडा."

"बाबा मला घरात घेणार नाहीत!"

"घेईल. सांग, ताईने तोडला."

बसमध्ये मला कोणाचा जास्त राग आला होता ते मला ठरवता येईना. सत्त्याऐंशीव्या वर्षी हातोडा चालवणाऱ्या आत्याचा, की सगळं आयुष्य तोफखाना तोफखाना करणाऱ्या बाबांचा. लाज वाटली असेल, हे मी समजू शकते. मास्तर म्हणून मराठी मंडळींत उठबस होती, तिथे फडणीस आणि चिटणीस बसलेले. पण आम्हाला? स्वतःच्या मुलीला? आणि कन्नौदचा रस्ता वाईट म्हणून बहिणीकडे जायचं नाही? मला आत्याचा तो न उठणारा खांदा आठवत होता, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले, मुलांना डोळे दिसू नयेत म्हणून.

देवासला आल्यावर तुकड्याचा पातळ काप केला. सूक्ष्मदर्शकाखाली घातला, आणि मी खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसले, प्रयोगशाळेतला सहायक बघायला आला. लांबच लांब सरळ स्फटिक, एकाशेजारी एक, खालची तबकडी फिरवली की रंगांनी उजळणारे, मध्ये लोखंडाचे काळे ठिपके. फेयालाइट. पुस्तकात असतो तस्सा. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीत तोच तयार होतो, ही शक्यता माझ्या मनात होतीच, पण इतका स्वच्छ मला अपेक्षित नव्हता. आता घ्या. बाबा बरोबर होते. आणि चूकही होते, कारण आमच्या शास्त्राचा नियम असा की खनिज निसर्गानेच केलेलं हवं. माणसाच्या भट्टीत झालं तर ते खनिज म्हणून धरत नाहीत. हा नियम मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते, आणि तो इतका त्रासदायक आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

सव्वासातला फोन आला. "दगडाचं काय झालं?"

"खंडेनवमीला येते, तेव्हा सांगते."

"आत्ता का नाही?"

मी फोन ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी आधी ठेवला.

खंडेनवमीला पोचले तेव्हा बाबांनी पूजा मांडलेली होती. पाटावर लाल फडकं, त्यावर हातोडा आणि सांडशी, झेंडूची फुलं. मी दगड शेजारी ठेवला. त्यांनी आधी खिशातून वजनाची चिठ्ठी काढली, मग चष्मा, मग दगड फिरवला, आणि हात थांबला.

"हे काय?"

"आत्याने तोडलं."

मला वाटलं आता आकाश कोसळेल. पण ते फक्त म्हणाले, "ताईने?" आणि मग लगेच, "काप केलास?"

"केला."

"फेयालाइट आहे का नाही?"

"आहे."

बाबांचा चेहरा असा झाला की मला तो आयुष्यभर पुरेल. "मग झालं!" म्हणाले, आणि उठून कार्ड आणि पेन घेऊन आले. "कर सही."

मी म्हटलं, बाबा, फेयालाइट आहे, पण खनिज नाही.

"म्हणजे?"

"निसर्गाने केलेलं नाही ते. भट्टीत झालंय."

"फेयालाइट तर आहे ना?"

"आहे, पण..."

"पण काय? आहे तर आहे. अकरा वर्षं मी सांगतोय. तुझ्या डिग्रीपेक्षा माझं पातेलं बरं."

"बाबा, कार्डावर रूपांतरित खडक लिहिलंय. हा खडक नाही."

"तू आधी आहे म्हणतेस, मग नाही म्हणतेस. एक काहीतरी ठरव."

अकरा वर्षांचा चहा माझ्या डोक्यात उकळला. "हे कीट आहे," मी ओरडले. "लोखंडाचं कीट, आपल्या भट्टीचं! तोफखाना तोफखाना काय सांगत बसलात? लोहार होतो आपण!"

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. बोलून गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐंशी ओलांडलेला माणूस, पूजेच्या पाटासमोर, आणि मी वर्गात एखाद्या पोराला बोलते तसं बोलले होते. बाबा पाटाकडे बघत होते.

"लोहार आहोत हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?" ते म्हणाले. आवाज शांत होता, पण चिडलेला. "दर वर्षी हा हातोडा कशासाठी काढतो मी?"

त्यांनी दगड जवळ ओढला.

"कीट कसं दिसतं ते माहीत नव्हतं. दाखवलंच नाही मला कोणी. सुट्टीत घरी गेलो की सगळे कामात, आणि मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचं. एकदा घमेलं उचलायला गेलो तर ताईने हात पिरगळून बाहेर काढलं मला. तुझं काम नाही, म्हणाली. अमझेऱ्यात कुठल्याही शेंबड्या पोराने ओळखलं असतं हे. एक मी सोडून."

मग म्हणाले, "ती काय म्हणाली? नीट सांग."

मी आत्याने सांगितलं तसं सगळं सांगितलं. हे पोट म्हणजे भट्टीचा खड्डा, हा खळगा म्हणजे वाऱ्याची जागा, इकडे भात्याचं तोंड. बाबांनी खळग्यात तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही. नंतर मला म्हणाले, "ताईला फोन लाव," आणि मी लावला, मोठ्या आवाजावर.

"ताई, हे झालं त्या दिवशी भाता कोण ओढत होतं?"

"मी. दुसरं कोण?" आत्या म्हणाली. "तू शाळेत होतास."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. जुनं कार्ड फाडलं नाही, उलटं केलं. मागच्या बाजूला त्यांनी फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: "लोखंडाचे कीट. यात फेयालाइट आहे." तेवढं त्यांनी सोडलं नाही. "स्थान: आमची भट्टी, अमझेरा. घण: वडील. भाता: थोरली बहीण." शोधक म्हणून काही लिहिलं नाही. मग थोडा विचार करून शेवटची ओळ लिहिली: "मी शाळेत होतो." त्याखाली "प्रमाणित" आणि मोकळी जागा.

मी पेन उघडलं. यावर सही करायला मला काहीच अडचण नव्हती. उलट मला ती करायची होती, आणि बहुधा माझ्या तोंडावर ते दिसलं.

"तुझी सही कशाला?" बाबा म्हणाले. "तुला काय कळतं कीटातलं? ताई अंगठा देईल. उद्या दसरा आहे, तिला सोनं द्यायला जाऊ."

म्हणजे धार ते कन्नौद, गाडी माझी, पाठ माझी. पहाटे निघालो. रस्ताभर बाबा मांडीवर दगड घेऊन बसले होते आणि दर चार मैलांवर म्हणत होते, "चांगला झालाय की गं रस्ता."

आत्याने सोनं घेतलं, बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला, आपला तो न उठणारा खांदा दुसऱ्या हाताने धरून. बाबांनी कार्ड वाचून दाखवलं, पुढ्यात ठेवलं आणि शाईचा डबा काढला. तो ते धारहून खिशात घालून आले होते.

"अंगठा कशाला?" आत्या म्हणाली. "मला नाव लिहिता येतं."

बाबा म्हणाले, तुला कोणी शिकवलं?

"तूच. दादा बाजाराला गेले की. भट्टीच्या भिंतीवर, कोळशाने. विसरलास?"

ते विसरले होते. चेहऱ्यावरून दिसत होतं. आत्याने पेन मुठीत धरलं आणि लिहायला घेतलं. एकेक अक्षराला वेळ लागत होता, पेन कागदात रुतत होतं. बाबा शेजारी वाकून बसले होते, प्रत्येक अक्षराला मान हलवत, आणि एका वेलांटीपाशी त्यांनी सवयीने तोंड उघडलं. आत्याने मान वर केली नाही.

"गप बस," ती म्हणाली. "मला येतं."